पोळपाट आणि काडी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, तेव्हा सरळ भांडणानेच सुरुवात करतो. मोठ्या पडद्याचा फोन म्हणजे मिरवायचा फोन, आणि त्याच्या पोटातून निघणारी ती काडी म्हणजे मोठ्या माणसांचं खेळणं, असं आमच्या नात्यागोत्यात बऱ्याच जणांचं ठाम मत आहे. गेल्या वर्षभरात लग्नात, बारशात, एका दहाव्याला सुद्धा (!) मला हे ऐकवलं गेलंय. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. मराठी लिहिणाऱ्या माणसासाठी, त्यातही ज्याच्या घरात जुन्या कागदांची एखादी ट्रंक पडून आहे अशा मराठवाड्यातल्या माणसासाठी, ही काडी फार कामाची वस्तू आहे. फक्त जाहिरातीत ती ज्यासाठी दाखवतात त्यासाठी नव्हे.

आधी फोनबद्दल. लेकीने नवा घेतला आणि तिचा जुना माझ्याकडे आला. (आमच्या घरात वस्तू आता खालून वर येतात. पूर्वी थोरल्याचे शर्ट धाकट्याला यायचे, आता धाकट्यांचे फोन थोरल्यांना.) कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. पडदा ६.८ इंचांचा, वजन पावशेराच्या जरा आत. सौ. पहिल्या दिवसापासून त्याला पोळपाट म्हणते आणि आई त्यातल्या स्टायलसला काडी म्हणते. आता घरात तीच नावं रूढ झाली आहेत. "तुमचा पोळपाट वाजतोय" हे वाक्य पाहुण्यांसमोर सुद्धा म्हटलं जातं.

सवय व्हायला मला दोन महिने लागले. शर्टाच्या खिशात हा मावतो, पण वाकलं की पहिला तोच बाहेर येतो. एका हाताने वापरायचं म्हटलं तर अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, मग फोन तळहातावर उडवून खाली सरकवायचा, आणि औरंगपुऱ्याच्या भर रस्त्यात असली सर्कस करायची माझी तरी हिंमत नाही. शेवटी मी एक साधा नियम करून टाकला. हा फोन उभ्याने वापरायचाच नाही. कुणाचा फोन आला तर घ्यायचा, बाकी सगळं बसून, दोन्ही हातांनी, चष्मा लावून. एकदा तो फोन नसून वही आहे असं धरलं की अर्धी कुरकुर संपते. निम्मी वाचायची कामं मी त्यामुळे घरी येऊन करायला लागलो, हा फायदा वेगळाच.

काडीची सवय मात्र जास्त अवघड. काच म्हणजे काच. कागद पेनाला थोडा धरून ठेवतो, काच काहीच धरत नाही. पहिल्या दिवशी मी माझंच नाव लिहिलं तर ते बालवाडीतल्या पोराचं वाटत होतं, ग ची काठी एकीकडे आणि गाठ दुसरीकडे. मग पैठण गेटला जाऊन पडद्यावर खरखरीत पातळ फिल्म लावून घेतली, तेव्हा कुठे पेन्सिलीने लिहिल्यासारखं वाटायला लागलं. तिथेच एक झाकणाचं कव्हर घेतलं, बंद करताना टक्कन चिकटणारं. घरी येऊन बघतो तर पडद्याच्या उजव्या कडेला बोटभर पट्ट्यात काडी मुकी! बाकी सगळीकडे उठते, तिथे नाही. कारण शोधल्यावर मजा वाटली. ह्या काडीला लिहायला बॅटरी लागत नाही. पडद्याच्या खाली तारांची बारीक जाळी असते, ती विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार करते. काडीतलं चिमुकलं वेटोळं त्या क्षेत्रावरच जागं होतं आणि आपण कुठे आहोत, किती जोराने टेकलो आहोत हे फोनला कळवतं. वॅकॉम ह्या जपानी कंपनीचं हे जुनं तंत्र, चित्रकारांच्या पाट्यांमधून फोनमध्ये आलेलं. कव्हरच्या झाकणात लोहचुंबक, आणि त्याने त्या क्षेत्रात खोडा घातलेला. झाकण कापून टाकलं, काडी बोलायला लागली. तुमच्यापैकी कुणाची काडी अशी एका बाजूला रुसत असेल तर आधी कव्हर काढून बघा, दुरुस्तीला नंतर न्या.

आता थोडा इतिहास, कारण ज्यांनी काडीला हसायचं त्यांनी आधी कुणाकुणाला हसून झालंय ते माहीत करून घ्यावं. अ‍ॅपलने १९९३ साली न्यूटन नावाचं हातातलं यंत्र काढलं, ते माणसाचं अक्षर वाचायचं. म्हणजे वाचायचा प्रयत्न करायचं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या व्यंगचित्रांत त्याची इतकी टिंगल झाली की ते बिचारं त्यातून कधी सावरलंच नाही. मग १९९६ साली पाम पायलट आला. त्यांनी युक्ती उलटी केली. यंत्राला माणसाचं अक्षर येत नाही ना, मग माणसानेच यंत्राचं अक्षर शिकावं! ग्राफिटी नावाची एकेका फटकाऱ्याची लिपी होती, तिच्यात इंग्रजी ए ची मधली आडवी रेघ सुद्धा काढायची नाही. लोक मुकाट्याने शिकले. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने सिम्प्युटर झाला. साध्या माणसासाठी, भारतीय भाषांसाठी, काडीने चालणारा. २००४ मध्ये तो बाजारात आला तेव्हा आम्ही मित्र किती उत्साहाने बोललो होतो! फार खपला नाही. मग जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवताना काडी कुणाला हवी आहे असं विचारून सभागृह हसवलं, जन्मतःच दहा बोटं मिळालेली आहेत म्हणाला, आणि काडीचा विषय संपला असं सगळ्यांनी धरलं.

तो संपला नव्हता. २०११ साली सॅमसंगने ५.३ इंचांचा नोट काढला, त्यात काडी होती, आणि कानाला लावल्यावर माणूस पाव लावून बोलतोय असं दिसतं म्हणून लोक त्याला हसले. आज ५.३ इंचांचा फोन दुकानात मागितला तर दुकानदार तुमच्याकडे कीव येऊन बघेल. खुद्द अ‍ॅपलने २०१५ मध्ये आयपॅडसाठी पेन्सिल काढली. असो. बोटं दहा आहेत हे खरंच, पण दहाही बोटांनी 'ज्ञ' काढून बघा.

इथे माझा खरा मुद्दा सुरू होतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला काडी ही चैन आहे, कारण त्याचा कीबोर्ड त्याच्या लिपीसाठीच बनलेला आहे. आपलं तसं नाही. ह्या ब्लॉगचे जुने सोबती आठवतील, 'बरहा' मध्ये आपण रोमन अक्षरं ठोकायचो आणि देवनागरी उमटायची, आणि काय धन्य वाटायचं! त्याआधी तर कुणाचा फाँट कुणाच्या यंत्रावर दिसायचा नाही, पत्राऐवजी चौकोन यायचे. युनिकोडने ते दुखणं घालवलं. पण एक सवय मागे राहिली. मराठी शब्द आपण मनात रोमनमध्ये फोडतो आणि मग टंकतो. 'chinha' लिहिलं की 'चिन्ह' मिळतं. त्यात न आधी की ह आधी हे हाताला माहीत असायची गरज उरत नाही. चिनी लोकांकडे ह्या आजारासाठी एक चार अक्षरी वाक्प्रचारच आहे, त्याचा अर्थ साधारण 'लेखणी उचलली की अक्षर विसरलं'. आपली लिपी त्यांच्याइतकी अवघड नाही, त्यामुळे आपण पूर्ण विसरत नाही, अडखळतो. 'उच्छ्वास', 'ब्रह्म', 'आल्हाद', 'उद्ध्वस्त' हे शब्द आज रात्री जेवणानंतर कागदावर हाताने लिहून बघा. खोडलेले कागद मला पाठवू नका, माझ्याकडे पुरेसे आहेत.

आणि तो आपला खास मराठी अर्धा र! 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'ऱ्हस्व' ह्यांतला तो पापणीसारखा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे कित्येक कीबोर्डांवर तो कुठे दडवला आहे ते सापडता सापडत नाही. मग लोक कंटाळून 'दुसर्या' लिहितात. चांगली शिकलेली माणसं लिहितात, मास्तर लिहितात. काडीने लिहिताना त्याचा प्रश्नच येत नाही, एक छोटा बाक काढला की झालं. तसंच ल चं. आपला ल दोन पाकळ्यांचा, दोन लोलक लटकवल्यासारखा. फोनमध्ये मिळतो तो हिंदी वळणाचा, उभ्या दांड्याचा. वाचायला अडत नाही, मान्य. पण आईने पहिल्यांदा माझ्या फोनवर स्वतःचं नाव छापील बघितलं तेव्हा ती म्हणाली, "हा ल माझा नाही रे." तिच्या नावात दोन ल आहेत.

आईचं सांगतो. ती ७९ वर्षांची आहे. तिला टंकता कधीच आलं नाही आणि यायचं कारणही नाही. आवाजी निरोप ती करते, पण तिला ते आवडत नाही. "बोललेलं वाऱ्यावर जातं" म्हणते. दिवाळीनंतर एकदा मी पोळपाट बंद ठेवून काडी बाहेर ओढली. ह्यात एक सोय आहे, फोन न उघडता नुसती काडी काढली की पडदा काळाच राहतो आणि त्यावर पांढरं उमटतं. तिने बघितलं आणि हातातून घेतला. ती पाटी होती हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं! काळी पाटी, पांढरी पेन्सिल. तिला काही शिकवावं लागलं नाही. हात टेकला तर चालेल का एवढंच तिने विचारलं. चालतो. काडी जवळ आली की फोन हाताच्या स्पर्शाकडे दुर्लक्ष करतो, म्हणून मनगट टेकवून लिहिता येतं, आणि थरथरत्या हाताला हेच हवं असतं. बोटाने लिहिताना हात अधांतरी राहतो, तिथे तिचं अक्षर मोडतं. पहिल्या दिवशी तिने 'श्री' लिहिलं, खाली अंबाजोगाईच्या मावशीला चार ओळी लिहिल्या, आणि त्या चित्र म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या. मावशीने ते तिच्या सुनेच्या फोनवर मोठं करून वाचलं आणि म्हणाली, अक्षर अजून तसंच आहे हो तुझं.

ह्यावरून लेकीचं आणि माझं वाजलं. फोनमध्ये हस्ताक्षराचं छापील करणारं बटण असतं. गूगलने २०१५ मध्येच हस्ताक्षर ओळखणारा कीबोर्ड काढला होता, ८२ भाषांचा, आणि ते तंत्र आता चांगलंच सुधारलंय. लेक म्हणते, आजीचं लिहिलेलं छापील करून ठेवा, शोधता येतं, जागा कमी लागते, मोठ्या अक्षरात वाचता येतं. तिचं खोटं नाही. किराणाची यादी, दवाखान्याच्या तारखा, गॅसचा नंबर मी सुद्धा छापील करून ठेवतो, हस्ताक्षरात शोधत कोण बसणार. पण पत्राला, आठवणीला, पाककृतीला ते बटण लावायचं नाही असं माझं ठाम मत आहे आणि मी ते घरात कायद्यासारखं राबवतो. एक तर ते चुकतं. आई ख जुन्या पद्धतीने, र आणि व सुटे सुटे काढल्यासारखा लिहिते, त्यामुळे तिच्या 'खवा' चा 'रववा' होतो. हे उद्या सुधारेलही. दुसरं कारण सुधारणार नाही. छापील केल्यावर मूळ पुसायचा मोह होतो. आणि मूळ गेलं की काय जातं, हे आमच्या घरात मला रोज दिसतं, कारण आमच्याकडे ती ट्रंक आहे.

आमच्या घरात गेल्या चार पिढ्यांत कुठल्याही पिढीला आधीच्या पिढीचं अक्षर धड वाचता आलेलं नाही. आजोबा गंगापूर तालुक्यातले, गावात हिशेबठिशेब लिहिणारे. घरचं लिहायचं मोडीत आणि सरकारात जायचं ते उर्दूत, कारण मुलूख निजामाचा. वडील शिकले ते बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी. थोडं उर्दू त्यांना वाचता यायचं, मोडी नाही. मी दोन्हीला कोरा. माझी लेक मला 'baba kadhi yetay' असं लिहिते आणि तिचा मुलगा काहीच लिहीत नाही, नुसता बोलतो. शाळा बदलली, सरकार बदललं, यंत्र बदललं आणि प्रत्येक वेळी घरातल्या घरात एक दार बंद झालं.

गंमत म्हणजे हे सगळं घडलं ते लिहिण्यावाचण्याच्या बाबतीत एवढ्या श्रीमंत मुलखात. आमच्या शहरातून (छत्रपती संभाजीनगर, २०२३ च्या आधीच्या वाचकांसाठी औरंगाबाद) खुलताबादकडे निघालं की दौलताबादच्या पुढे कागजीपुरा लागतं. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी इथे आणली, तेव्हा आलेल्या कारागिरांपासून तिथे हातकागदाचा धंदा सुरू झाला असं सांगतात. चिंध्या कुजवायच्या, कुटायच्या, लगदा चाळणीवर धरायचा. आणि दौलताबाद म्हणजे देवगिरी, जिथल्या यादवांच्या प्रधानाने, हेमाद्रीपंताने, मोडी आणली असं परंपरा मानते. आणली की नुसती वापरात आणली ह्यावर विद्वान भांडतात, भांडू द्या. मोडीची युक्ती मात्र काडी हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा कळली. शिरोरेघ आधी, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम ओढून ठेवायची, मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबकळवत न्यायची. एका अक्षराचं शेपूट वर जातं आणि तिथूनच पुढचं सुटतं. वेगासाठी सगळं. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला, वाचणाऱ्याने आपलं बघून घ्यावं! छपाईला ती सोयीची नव्हती, आणि स्वातंत्र्यानंतर शाळेतून आणि कचेरीतून गेली ती गेलीच.

आणि हा काही हौशी लोकांचाच विषय आहे असं कुणी समजू नये. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसिलांमधली निजामकाळातली दप्तरं उघडली गेली आणि मोडी आणि उर्दू वाचता येणाऱ्या माणसांना एकदम भाव आला. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. पण एखाद्या घराचं पुढचं शिक्षण पणजोबांच्या नावापुढच्या दोन अक्षरांवर अडावं आणि ती अक्षरं वाचणारा तालुक्यात शोधावा लागावा, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

तर ट्रंक. वडील गेल्यानंतर ती माझ्याकडे आली. त्यातला एक कागद मी मुद्दाम निवडला, कारण त्यावर आकडे होते आणि मोडीतले आकडे साधारण ओळखू येतात. वर फसली १३५७ लिहिलेलं, म्हणजे १९४७-४८. कागदाचा फोटो काढून तो पोळपाटावर वहीच्या पानासारखा ठेवला, वर कोरा थर घेतला, आणि दोन बोटांनी ताणून एकेक अक्षर पेरूएवढं केलं. आणि काडीने गिरवायला लागलो. नुसतं बघून मोडी येत नाही, निदान मला आली नाही. शिकवणीचं पुस्तक समोर ठेवून तीन आठवडे बघत होतो, सगळी अक्षरं एकाच जातीची गांडुळं वाटायची. गिरवायला लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी कळायला लागलं, कारण हात कुठून निघाला आणि कुठे वळला हे हाताला कळतं, डोळ्याला नाही. आजोबांचा हात शब्दाच्या शेवटी जरा उजवीकडे झुकतो. माझाही झुकतो. (हे मी सौ.ला दाखवलं तर ती म्हणाली, तुमचा सगळाच कारभार झुकलेला असतो.) लहान फोनवर हे झालं नसतं, बोटाने तर नाहीच. कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून करता आलं असतं म्हणाल, तर त्या कागदाला हात लावला की त्याचा भुगा पडतो.

ती यादी होती. आजी सांगायची की रझाकारांच्या काळात, १९४८ च्या उन्हाळ्यात, सगळे रातोरात गोदावरी उतरून टोक्याकडे गेले. नदीच्या अलीकडे निजाम आणि पलीकडे नगर जिल्हा, म्हणजे हिंदुस्थान. सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि मग ही मंडळी परतली. निघताना घरातली कोणती वस्तू कुणाकडे ठेवली, त्याची ही यादी. तांब्याचा हंडा एकाकडे. गाय आणि वासरू एकाकडे. जातं जिथल्या तिथे. जमिनीची वही कापडात बांधून कुणाकडे तरी. नऊ ओळी आहेत, आणि आठ ओळींवर नंतर आडवी रेघ मारलेली आहे. म्हणजे वस्तू परत मिळाल्या असाव्यात. गाय सुद्धा मिळाली म्हणायची!

नववी ओळ आजीच्या पाटल्यांची आहे. तिच्यावर रेघ नाही.

आमच्या घरात सत्तर-पंचाहत्तर वर्षं असं मानलं गेलं की पाटल्या लुटीत गेल्या. आजी तसंच सांगायची, किंवा आम्ही तसं ऐकत आलो. आजोबांच्या हातचा कागद तसं म्हणत नाही. 'पाटल्या दोन' एवढं स्पष्ट आहे. मग कागदाची घडी येते आणि घडीवर कागद विरलाय. विरलेल्या जागेतून एका अक्षराचं फक्त शेपूट दिसतं आणि नंतर 'बी' आहे. ते एखाद्या नावाचं टोक असेल, गल्लीतल्या कुणा मुसलमान बाईचं, तर आजोबांनी त्या दिवसांत घरातलं सगळ्यात मोलाचं तिच्याकडे ठेवलं असा त्याचा अर्थ. किंवा ते 'रबी' असेल. मग पाटल्या कुणाकडे ठेवल्याच नव्हत्या, परतल्यावर रब्बीच्या बियाण्यासाठी मोडल्या आणि तसं त्या ओळीत नोंदवलं. किंवा 'छबी', हे बायकांचं लाडाचं नाव. शब्द तोडलेले नसल्यामुळे पुढच्या अक्षरांचीही मदत होत नाही.

आई म्हणते, जाऊ दे, इतक्या वर्षांनी कुणाच्या दारात जायचंय तुला. मला कुणाच्या दारात जायचं नाही. पाटल्यांचं सोनं मला नको आहे. पण ह्या घराने पाऊणशे वर्षं ज्या गोष्टीला लूट म्हटलं, ती लूट होती, की कुणाची तरी राखण होती, की आजोबांचाच नाइलाज होता, हे वेगवेगळं आहे, आणि आम्ही कुणाबद्दल काय बोलत आलो ते त्यावर ठरतं. मला हे कळायला हवंय.

परवा एका मित्राने सांगितलं की २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या लोकांनी मोडीचं देवनागरी करणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रारूप तयार केलंय. फार चांगली गोष्ट आहे. सरकारी दप्तरखान्यांत मोडीचे जे ढीग पडलेत ते माणसं बसवून कधीच वाचून होणार नाहीत, तिथे यंत्रच हवं. पण घडीवर विरलेल्या जागी काय होतं ते यंत्राने अंदाजाने भरून दिलं तर मला ते घ्यायचं नाही. त्या जागी गावातली माणसं माहीत असलेलं कुणीतरी लागतं.

उलट बाजूही आहे, ती सांगायलाच हवी. आजोबांचा कागद ट्रंकेत कुणी न वाचता टिकला. आईचं काडीने लिहिलेलं आज आम्ही सगळे वाचू शकतो, पण ते पंचाहत्तर वर्षं टिकेल का, ह्याची मला अजिबात खात्री नाही. ते ज्या अ‍ॅपमध्ये आहे त्याची फाईल दुसऱ्या कंपनीच्या फोनवर सरळ उघडत नाही. म्हणून मी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिची सगळी पानं पीडीएफ करतो, दोन ठिकाणी ठेवतो, आणि त्यातली निवडक जाड कागदावर छापून आणतो. छपाईवाला विचारतो, काका, टाईप करून देऊ का, स्वच्छ दिसेल. नको म्हणतो.

आता नातेवाईकांसाठी. नाशिकची आत्या त्या उन्हाळ्यात आठ-नऊ वर्षांची होती, नदी तिने उतरलेली आहे, आणि आमच्यात ते गाव तेव्हा बघितलेलं आता एवढं एकच माणूस आहे. तिच्याकडे जो कोणी राहतो आणि हे वाचतो, त्याने हे तिला सावकाश वाचून दाखवा. पाटल्यांपासून सुरुवात करू नका. आधी गल्लीत कोण कोण राहायचं ते विचारा, घरं क्रमाने घ्या, आडापासून वेशीपर्यंत, आणि ती जी नावं सांगेल ती लिहून घ्या. कागदाचा फोटो आणि मी गिरवलेलं पान, दोन्ही मी घरच्या ग्रुपवर टाकतोय. नववी ओळ मोठी करून बघा. 'बी' च्या आधीचं शेपूट डावीकडे वळतं की उजवीकडे, ह्यावर माझं आणि सौ.चं एकमत होत नाहीये.